निळा ठिपका

गेल्या मार्चमध्ये ऑकलंडला लेकीकडे होतो. परसातल्या कुंपणावर प्रार्थनाकीटक दिसला. आपल्याकडे त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. कौतुकाने नातवाला हाक मारली, तर सात वर्षांचा हा गडी म्हणतो, "आजोबा, हा इथला नाही. निळा ठिपका कुठंय?" चाळीस वर्षं इतिहास शिकवला, आता नातू माझी परीक्षा घेतोय!

मग माहिती काढली. न्यूझीलंडच्या प्रार्थनाकीटकाचे शास्त्रीय वर्णन १८८२ मध्ये विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याने केले. हा हिरवागार, छाती जवळजवळ डोक्याइतकी रुंद, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला निळा ठिपका. दुसरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, नाव स्प्रिंगबॉक. ऑकलंडमध्ये तो १९७८ साली प्रथम आढळला. हिरवा किंवा तपकिरी, मानेकडे बारीक, ठिपका नाही. अंड्यांचे कोशही निराळे. इथल्याचा नीटनेटका, पाहुण्याचा वाळलेल्या फेसाच्या गोळ्यासारखा. या पाहुण्यांच्या मादीला नराशिवायही पिल्ले होऊ शकतात. म्हणजे कुठे एखादी मादी पोचली, तरी वंश सुरू होऊ शकतो!

आक्रमण म्हटले की मी वर्गात लढाया आणि सनावळ्या सांगायचो. इथे लढाईच नाही. ऑकलंडच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इथल्या नरांना दोन्हीकडच्या माद्यांचा गंध दिला. नर स्वतःच्या जातीची मादी सोडून परकीच्या गंधाकडे जास्त वळले. जवळ गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना तिने खाऊन टाकले. इथली मादी नराला क्वचितच खाते, त्यामुळे बिचाऱ्याला सावध राहायची सवयच नाही. ऑकलंडच्या बागांमधून हे हिरवे कीटक कमी होण्यामागे हेही एक कारण असावे, असे संशोधकांना वाटते.

हे सगळे नातवाला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आजोबा, आईबाबा पण बाहेरूनच आले ना?"

लेक स्वयंपाकघरातून बघत होती. मला पटकन उत्तर सुचेना. शेवटी म्हणालो, "आले. पण माणसाला कळतं बाळा, की इथे आधीपासून कोण राहतंय. किड्याला ते कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण बघायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी कुंपण धुंडाळले. फेसाचे चार गोळे खरवडून काढले. एका फळीखाली दोन ओळींचा नीटनेटका कोश सापडला, तो तसाच ठेवला. परवा फोनवर नातू सांगत होता, त्यातून पिल्ले बाहेर आली. सगळी हिरवी!

असो. तुमच्या बागेत कोण आहे, जरूर कळवा.