आठ जणांची मंडळी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आमच्या सोसायटीचा हॉल.

मागच्या पावसाळ्यात कर्जतला आमच्या इमारतीत नगरकडचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब भाड्याने राहायला आलं. रविवारी आठ-दहा जण जमतील, प्रार्थनेसाठी हॉल मिळेल का, असं त्यांनी विचारलं. सेक्रेटरी मी. "सभासद नको म्हणतात हो," असं सांगून मोकळा झालो. खरं म्हणजे मी कुणाला विचारलंच नव्हतं! त्याच हॉलमध्ये सत्यनारायण होतो, भजन होतं, हळदीकुंकू होतं.

चुटपुट लागून राहिली. म्हणून मुंबईतल्या पहिल्या मराठी चर्चविषयी वाचत बसलो.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत आले. तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध चालू होतं. सरकारने त्यांना परत जायचा हुकूम दिला. बऱ्याच खटपटीनंतर राहू दिलं. भेंडीबाजारात त्यांचं चॅपल उभं राहिलं ते १८२३ मध्ये. म्हणजे दहा वर्षं गेली.

पण इमारत झाली म्हणून माणसं थोडीच येतात? ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतात, आणि अडचण नेमकी तीच होती. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले. १८३१ मध्ये त्यांनी जी मंडळी स्थापन केली, ती अवघ्या आठ जणांची!

कारण उघड आहे. बाप्तिस्मा घेतला की घर सुटायचं, पंगत सुटायची. जात गेली तरी वारसाहक्क जाणार नाही, हा कायदा १८५० चा. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तर प्रकरण कोर्टात गेलं आणि विल्सनच्या शाळेतली मुलं भराभर निघून गेली. १८४३ मध्ये श्रीपाद शेषाद्री हा लहान मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, यावर वाद! बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

मुलगा हातचा जातो म्हणून घाबरलेला बाप मला कळतो. पण आमच्या हॉलमध्ये कुणाचा मुलगा जाणार होता?

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. आता मुंबईत घर परवडत नाही म्हणून माणसं कर्जत-खालापूरला येतात, आणि येताना आपापला देव घेऊन येतात. त्यांना अडवायला आता सरकारी हुकूम लागत नाही. सेक्रेटरी पुरतो.

गेल्या महिन्याच्या मीटिंगमध्ये विषय काढला. दोघे कुरकुरले. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "गाणीच म्हणणार ना? म्हणू देत की."

सांगायला वर गेलो, तर त्यांना खोपोलीत एक गाळा मिळाला होता. रागावले नाहीत. चहा दिला.

असो. मीटिंगच्या इतिवृत्तात हे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.