एकशे ब्याण्णव

आमच्या घरात १९२ हा आकडा कुणी सरळ उच्चारत नाही. डाळिंबाचे क्रेट गाडीत भरताना मोजणी तिथवर आली, की थोरले काका "एकशे एक्याण्णव, आन् वर एक" म्हणतात आणि पुढच्या क्रेटला हात घालतात. लहानपणी मला वाटायचं, तीन तिगाडा म्हणतात तसाच हाही काही वाईट आकडा असेल. पुढं कळलं, की तो १९९५ सालचा आहे आणि त्यात तात्यांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, वाटा आहे.

त्या साली सांगोल्यातून गणपतराव देशमुख पडले. १९२ मतांनी. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले. मतदान झालं तेव्हा तात्या मेंढरं घेऊन नीरेच्या खोऱ्यात होते. वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या तळावर, आमची नि भावकीची मिळून सोळा मतं होती, आणि ती सोळाच्या सोळा कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवून खताच्या बदल्यात ज्वारी घेत होती. निकाल त्यांना चार दिवसांनी कळला. तात्या त्या रात्री जेवले नाहीत, असं काका सांगतात. आजीचं म्हणणं वेगळं. "जेवलं की. दोन भाकरी खाल्ल्या. पर बोललं न्हाईत."

सोळातून १९२ फिटत नाहीत, हे तात्यांनाही कळत होतं. पण त्यांनी हिशेब पुढं नेला होता. आपल्यासारखे बारा वाडे बाहेर असतील, तर झालं की! बारा सोळं एकशे ब्याण्णव. हा पाढा त्यांनी मला शाळेच्या आधी शिकवला.

मोठा झाल्यावर मी हे गणित तपासलं आणि ते टिकलं नाही. १९९५ ची निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली, हे खरं. पण १९७८ ची आणि १९९० चीही फेब्रुवारीतच झाली होती. त्या वेळीही वाडे बाहेरच होते आणि गणपतराव निवडून आले होते. मेंढरं दर वर्षी लांब जातात, त्यांच्यावर खापर फोडायला इतका निसटता पराभव मात्र एकदाच मिळाला. तात्या हयात असताना हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. त्यांना बिचाऱ्यांना त्या पराभवात आपलं काहीतरी असावं असं वाटत होतं, आणि ते काढून घेणारा मी कोण?

बाहेरच्या माणसाला गणपतराव देशमुख म्हटलं, की अकरा हा आकडा आठवतो. एक मतदारसंघ, एक पक्ष, अकरा विजय. पहिला १९६२ चा, शेवटचा २०१४ चा. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा त्यांनी एकदा हातात घेतला तो खाली ठेवला नाही. मूळ मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, शिक्षणानं वकील. पक्षाच्या रिवाजाप्रमाणं ते 'भाई', आमच्या तालुक्यात 'आबासाहेब', आणि आजीच्या तोंडी नुसतेच 'आबा'. हे सगळं छापून आलेलं आहे. मला ते घरातल्यांच्या तोंडून हवं होतं, म्हणून एका दिवाळीत वही घेऊन आजीपुढं बसलो. म्हटलं, अकराही निवडणुका सांग.

पहिली तिला लख्ख आठवली. आजीचं ते पहिलं मत. मतदानाला तेव्हा एकवीस वर्षं पुरी लागायची. तिचं खरं वय किती होतं हे विठोबाला ठाऊक. सासूनं तिला शिकवून पाठवलं होतं, की आपल्या निशाणीची पेटी बघायची आणि चिठ्ठी तिच्यात सोडायची. कारण १९५२ आणि १९५७ ला तशीच पद्धत होती, उमेदवाराला एक पेटी. १९६२ ला पद्धत बदलली. सगळ्यांची नावं एकाच कागदावर आली, शिक्का मारायचा, आणि पेटी सगळ्यांची मिळून एकच. लोकसभा आणि विधानसभा बरोबर होती, म्हणून कागद दोन. आजी आत जाऊन आबांची पेटी शोधत राहिली. "मास्तर म्हणाला, आजी, शिक्का मारा. मी म्हणलं, आजी कुणाला म्हंतूस रं? मला अजून पोरगं न्हाई." ही गोष्ट सांगताना ती अजून हसते.

दुसरी, १९६७ ची, तिला आठवेना. मग तिनं थेट १९७२ ला उडी मारली. "तवा आबा पडलं. आन् त्याच साली पाऊस पडायचा ऱ्हायला." आमच्याकडं १९७२ ची आठवण अशीच निघते, दोन्ही गोष्टी एका दमात. निवडणूक मार्चमध्ये झाली होती. बांगलादेशच्या युद्धानंतरचं इंदिराबाईंचं वारं होतं. विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा काँग्रेसनं नेल्या, त्यात सांगोलाही गेलं. पाऊस रुसला तो त्यानंतरच्या मृगात. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांनी तो लावला होता आणि दिवसभर त्यावर बोलायला विषय मिळाला होता. आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या खडीनं गेलं ते परत नीट आलंच नाही. दुपारी सुकडी मिळायची, घरी तांबड्या मिलोच्या भाकरी. जनावरं तशी मिलोला तोंड लावत नाहीत असं ती सांगते. माणसांचा इलाज नव्हता.

१९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत निवडून आले. ही तारीख आजीनं बरोबर सांगितली, कारण त्याच वर्षी धाकटे काका झाले. त्यांचं पाळण्यातलं नाव काही असो, तात्या त्यांना कित्येक वर्षं 'आमदार' म्हणायचे. नशिबाचा खेळ असा, की मोठेपणी हेच काका शहाजीबापूंच्या गटात गेले. घरात एक मत तिकडं गेलं आणि दिवाळीच्या फराळाला तोंड फुटलं.

पुढच्या १९७८, ८०, ८५, ९० या चार विजयांबद्दल आजीनं जे सांगितलं, ते वहीच्या चार ओळीत मावलं. त्यातल्या दोन ओळी विहिरीबद्दल आहेत. आबासाहेब १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री झाले, १९९९ नंतर आणखी एकदा झाले; याचंही आमच्याकडं कुणाला फारसं अप्रूप नाही. मंत्रीपणाची एकही गोष्ट मला घरात ऐकायला मिळाली नाही. एसटीच्या गोष्टी मात्र ढीगभर.

एसटीत एका बाकावर विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं. महाराष्ट्रभर ती जागा म्हणजे कुणीही बसावं अशी. सांगोल्याच्या गाडीत माणूस आधी मागंपुढं बघायचा, मग बसायचा. आबासाहेब खरंच एसटीनं जायचे. माझा मामा कंडक्टर होता. त्याच्याकडं अशी एक गोष्ट होती, काकांकडं दुसरी, शेजारच्या वस्तीवर तिसरी. कुणी त्यांना जागा दिली, कुणाला त्यांनी दिली, कुणाचं पोरगं मांडीवर घेतलं. या सगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या, तर आबासाहेब पन्नास वर्षं गाडीतून खाली उतरलेच नाहीत. पण लोक खोट्या गोष्टी रचतात त्याही माणूस बघून रचतात. कुठल्याही दुसऱ्या आमदाराबद्दल मी एसटीची थाप ऐकलेली नाही.

सूतगिरणीची गोष्ट मात्र थाप नव्हे. कापसाचं पीक नसलेल्या तालुक्यात आबासाहेबांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. शेजारपाजारच्या जिल्ह्यांत गिरण्या कर्जात बुडून भंगारात निघाल्या, तेव्हा आमची चालू होती. माझा चुलतभाऊ तिथं लागला. तीन पाळ्या, कापसाच्या गाठी बाहेरून येणार, इथं चात्यांवर सूत होऊन जाणार. तो रात्रपाळी करून आला, की भुवयांवर कापूस असायचा. तात्या त्याला बघून म्हणायचे, लोकर सोडून पोरगं कापसाला लागलं. त्यात कौतुक किती आणि दुःख किती, मला कधी उलगडलं नाही.

आता धाकट्या काकांची बाजू. तिच्यावर घरात आवाज चढतो, म्हणून मी इथं शांतपणे लिहितो. त्यांचा प्रश्न एकच आहे: पन्नास वर्षं आमदार, मग पाणी का आलं नाही? माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूची. तालुक्यातल्या दुसऱ्या एका नदीचं नावच कोरडा. नाव ठेवणाऱ्याला कुणी काही विचारलं नसेल. तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: सत्तेत नसलेला माणूस किती आणणार? आणि मग ते आटपाडीच्या पाणी परिषदेवर घसरायचे. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुके एकत्र केले, आबासाहेब त्यात पुढं होते. तात्या भाकरी बांधून जायचे. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णा अडवायची, पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि आमच्यापर्यंत आणायचं, हे त्यांनी मला काठीनं मातीत काढून दाखवलं होतं. चढाच्या ठिकाणी काठी जोरात दाबायचे.

पाणी आलं, पण हप्त्याहप्त्यानं, आणि तात्यांच्या रानाला शेवटपर्यंत नाही. दोघांचंही खरं आहे असं म्हणून मला सुटता येईल. पण मला काकांचा प्रश्न जास्त खरा वाटतो आणि तात्यांचं उत्तर जास्त आवडतं. दोनदा मंत्री होऊनही सत्तेच्या वळचणीला न जाणारा आमदार पाच दशकं निवडून देणाऱ्या तालुक्यानं त्याची किंमत मोजली. ती मोजताना लोकांना ठाऊक होतं की आपण काय मोजतोय. मधल्या काळात त्यांनी डाळिंब लावलं. ठिबक, शेततळं, टँकर, जमेल तसं. गणेश वाण गेला, भगवा वाण आला, तेल्या रोगानं बागा बसल्या, पुन्हा उठल्या.

एक विक्रमाचं राहिलं. २०१४ ला आबासाहेब पंचवीस हजारांच्या आसपास मतांनी अकराव्यांदा आले, तेव्हा गावात देशात पहिले असे फलक लागले. ते तितकंसं बरोबर नाही. केरळात पाला नावाच्या मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले, एकदाही न पडता. मी हे थोरल्या काकांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तिकडं पाऊस किती पडतो?"

२०१९ ला आबासाहेबांनी वयामुळं उभं राहायला नकार दिला. नव्वदी ओलांडलेली होती. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर शिवसेनेकडून तेच शहाजीबापू. निकालाच्या संध्याकाळी मी पुण्यात होतो, फोन थोरल्या काकांचा आला. ७६८ मतांनी गेली म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रडतायत. ते भागाकार करत होते.

"चार," ते म्हणाले. "चार एकशे ब्याण्णव. बरोब्बर."

मी कागदावर करून पाहिला. बाकी शून्य. योगायोगच, दुसरं काय असणार. तरीही मी तो कागद वहीत ठेवून दिला. तात्या त्याआधीच गेले होते. ते असते तर त्यांनी अठ्ठेचाळीस वाडे बाहेर पाठवले असते.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब सोलापुरात वारले. पुढच्या वर्षी शिवसेना फुटली तेव्हा शहाजीबापू गुवाहाटीत होते आणि त्यांच्या तोंडून तिथली झाडी, डोंगर नि हाटील सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालं. पुण्यात माझ्या ऑफिसातली माणसं मला "सांगोल्याचे का?" म्हणून विचारायला लागली आणि हसायला लागली. तोवर कुणी विचारलं नव्हतं. धाकटे काका खूश होते. म्हणाले, तालुक्याचं नाव झालं का नाही? झालं, हे कबूल करावं लागलं.

२०२४ च्या नोव्हेंबरात आजीला खुर्चीत बसवून मतदानाला नेलं. चौऱ्याऐंशीच्या घरातली असेल; यंत्रासमोर तिला आता पेटी शोधावी लागत नाही, बटणाचा आवाज ऐकून ती बाहेर येते. या वेळी दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, उभे होते. निकालादिवशी मी गावीच होतो. अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं, शेकाप आला.

"किती मतांनी?"

"पंचवीस हजाराच्या वर."

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, फोलपटं झाडली.

"त्यातनं एकशे ब्याण्णव वजा कर," म्हणाली, "आन् मग सांग."