लीजची मोटार मुदतीआधी डीलरला देणे (अमेरिका)

लीजवर घेतलेली मोटार करार संपण्यापूर्वी डीलरकडे देऊन तिच्या जागी दुसरी घेण्याचा व्यवहार. मालकीची जुनी गाडी देऊन नवी घेण्याप्रमाणेच बोलीभाषेत यालाही ‘ट्रेड-इन’ म्हणतात, परंतु लीजच्या मोटारीची मालकी वित्तकंपनीकडे असते. ग्राहकाकडे वापराचा हक्क असतो आणि करारात तशी तरतूद असेल तर ठरलेल्या किमतीला ती विकत घेण्याचा. त्यामुळे डीलर प्रत्यक्षात वित्तकंपनीचे येणे चुकते करून गाडी तिच्याकडून घेतो.

पार्श्वभूमी : १९८६ च्या करसुधारणा कायद्याने वैयक्तिक कर्जाच्या व्याजावरील करसवलत टप्प्याटप्प्याने बंद झाली, त्यानंतर खासगी ग्राहकांमध्ये लीजचा प्रसार वाढला.

हिशेब : व्यवहाराचा सारा भार दोन आकड्यांवर असतो. पहिला ‘पेऑफ’, म्हणजे त्या दिवशी करार मिटवण्यास लागणारी रक्कम. त्यात ढोबळमानाने कराराअखेरची ठरलेली अवशिष्ट किंमत, उरलेल्या हप्त्यांतील घसाऱ्याचा भाग आणि शुल्के येतात. दुसरा, डीलर त्या गाडीला देऊ करत असलेला भाव. समजा, पेऑफ २१,५०० डॉलर आहे आणि भाव २३,००० मिळाला, तर १,५०० डॉलर ग्राहकाच्या बाजूने उरतात. भाव १९,००० च आला, तर २,५०० ची तूट पडते. ही तूट रोखीने भरली नाही तर ती नव्या करारात मिसळली जाते : ३६ महिन्यांच्या लीजवर व्याज सोडूनही महिन्याला सुमारे ७० डॉलर. जुनी गाडी दारातून गेलेली असते, तिचे पैसे मात्र पुढची तीन वर्षे भरावे लागतात. ‘तुमचे उरलेले हप्ते आम्ही भरू’ या जाहिरातीचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो. अशा आश्वासनांबाबत फेडरल ट्रेड कमिशननेही ग्राहकांना सावध केले आहे.

लीजच्या सुरुवातीच्या काळात तूट पडण्याचा संभव अधिक असतो, कारण गाडीची बाजारातील किंमत हप्त्यांपेक्षा वेगाने उतरते. वर्षाला १०,००० ते १५,००० मैलांची मर्यादा ओलांडलेली असली तरी गाडी परत न करता ट्रेड-इन केल्यास जादा मैलांचे शुल्क सहसा वेगळे द्यावे लागत नाही. जास्त चाललेल्या गाडीला भाव मात्र कमी येतो.

कायदा : १९७६ चा कंझ्युमर लीजिंग ॲक्ट आणि त्याखालील ‘रेग्युलेशन एम’ हे या विषयाचे मूळ दस्तऐवज होत. २०११ पासून ग्राहकांच्या मोटार-लीजबाबत नियम करण्याचे अधिकार प्रामुख्याने कंझ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरोकडे आहेत. मुदतीआधी करार मोडल्यास मोठी रक्कम, प्रसंगी हजारो डॉलर, भरावी लागू शकते आणि जितक्या लवकर मोडाल तितका आकार वाढण्याची शक्यता, असा इशारा मोटार-लीजच्या कागदावर ठळकपणे द्यावा लागतो. करार मोडण्याचा दंड वाजवी असला पाहिजे, असेही कायदा म्हणतो. ग्राहकाचे देणे गाडीच्या प्रत्यक्ष किमतीवर ठरत असेल, तर दोन्ही पक्षांना मान्य अशा त्रयस्थ मूल्यांककाकडून स्वखर्चाने मूल्यांकन करून घेण्याचा त्याला हक्क आहे आणि ते मूल्यांकन दोघांवर बंधनकारक असते. हा हक्क फारच थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून येथे तो मुद्दाम नोंदवला आहे.

२०२१ नंतर : संगणक-चिपांच्या टंचाईने नव्या गाड्या कमी पडल्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव चढले आणि लीजधारकांच्या हाती प्रथमच मोठ्या प्रमाणावर नफा दिसू लागला. त्याच सुमारास होंडा, जनरल मोटर्स आदी उत्पादकांच्या वित्तकंपन्यांनी लीजची गाडी अन्य ब्रँडच्या डीलरांना थेट विकण्यावर निर्बंध आणले. त्यामागे आपल्या डीलरांकडील गाड्यांचा साठा राखण्याचा हेतू होता, असे मानले जाते. हे निर्बंध ग्राहकाला कितपत न्याय्य, याबद्दल मतभेद आहेत. टेस्लाने तर त्याआधीच, २०१९ मध्ये, मॉडेल ३ लीजवर आणताना खरेदीचा हक्कच ठेवला नव्हता. त्या गाड्या पुढे चालकविरहित टॅक्सीसेवेत आणण्याचा मानस कंपनीने तेव्हा सांगितला होता.

कर : राज्यागणिक वेगळा. अनेक राज्यांत ट्रेड-इनची रक्कम नव्या गाडीच्या करपात्र किमतीतून वजा होते. कॅलिफोर्नियात होत नाही.

पर्याय : गाडी स्वतः विकत घेऊन मग विकणे, वित्तकंपनी मान्य करील तर उरलेला करार दुसऱ्याच्या नावे करणे, त्याच उत्पादकाची नवी गाडी घेतल्यास शेवटचे काही हप्ते माफ होणाऱ्या योजनेची वाट पाहणे. नोकरी सुटल्यामुळे किंवा व्हिसाची मुदत संपल्यामुळे घाईने भारतात परतणाऱ्या मराठी कुटुंबांना यांतील करार-हस्तांतराचा मार्ग विशेष उपयोगी, मात्र त्याला वेळ लागतो. काही करारांत हस्तांतरानंतरही मूळ ग्राहकाची जबाबदारी कायम राहते, हे कलम आधी वाचावे.

भारत : नोकरदारांच्या लीजची मोटार सामान्यतः लीजकंपनीच्या नावावर नोंदलेली असते, त्यामुळे येथेही वापरणारा ती परस्पर डीलरला देऊ शकत नाही.

डीलरकडे जाण्यापूर्वी वित्तकंपनीकडून पेऑफ लेखी मागवावा. ग्राहकासाठीचा आणि डीलरसाठीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही विचारावेत. जुन्या गाडीचा भाव व नव्या गाडीची किंमत वेगवेगळ्या कागदांवर लिहून घेतल्याखेरीज सही करू नये.