‘द सन्स रूम’: एका फोनमुळे बदललेला रविवार, आणि या इटालियन सिनेमाची ताकद व मर्यादा

रविवारची सकाळ. नाश्त्याच्या टेबलावर बाप मुलाला म्हणतो, आज आपण दोघं पळायला जाऊ. मुलाचा बेत मित्रांसोबत जाण्याचा असतो, तरी तो तयार होतो. तेवढ्यात फोन वाजतो. बाप मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि पलीकडे त्याचा एक घाबरलेला पेशंट आहे. बाप गाडी काढून पेशंटकडे जातो, मुलगा मित्रांसोबत समुद्रात डायव्हिंगला जातो आणि परत येत नाही.

दिग्दर्शक नान्नी मोरेत्ती यांचा ‘द सन्स रूम’ (मूळ इटालियन नाव ‘ला स्तांझा देल फिल्यो’) या एका सकाळीभोवती फिरतो. २००१ मध्ये या सिनेमाला कान महोत्सवाचा सर्वोच्च ‘पाम दोर’ पुरस्कार मिळाला. १९७८ नंतर इटलीच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच आला होता.

(पुढे कथेतले महत्त्वाचे प्रसंग आणि शेवट सांगितला आहे.)

कथा थोडक्यात

इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आंकोना शहरात जिओव्हानी (स्वतः मोरेत्ती), त्याची बायको पाओला (लॉरा मोरांते), मुलगी इरेने (जास्मिन त्रिंका) आणि मुलगा आंद्रेया राहतात. खाऊनपिऊन सुखी, एकमेकांशी बोलणारं घर. आंद्रेयाच्या मृत्यूनंतर हे तिघं कसे जगतात, एवढीच पुढची गोष्ट. खलनायक नाही, कोर्टकचेरी नाही, कुठलं गुपित उघडं पडत नाही. सिनेमा चालतो तो फक्त माणसांच्या स्वभावावर.

सिनेमाची ताकद

अपराधीपणाचं नेमकं चित्रण: जिओव्हानीने काहीच चूक केलेली नाही. पेशंटला गरज होती, तो गेला. म्हणूनच त्याला स्वतःला माफ करता येत नाही. तो रविवार त्याच्या मनात पुन्हा पुन्हा घडतो. कल्पनेत तो फोनवर नकार देतो आणि मुलासोबत पळायला जातो. ज्या घरात असा अचानक मृत्यू झाला आहे, तिथल्या लोकांना हे ‘त्या दिवशी असं केलं असतं तर’ लगेच ओळखू येईल.

तिघांचं दुःख तीन तऱ्हांचं: पाओला मोकळेपणाने आक्रोश करते. जिओव्हानी घरातल्या तडा गेलेल्या भांड्यांवर चिडतो. इरेने आईवडिलांना सावरायला जाते, पण बास्केटबॉलच्या सामन्यात तिचा संयम सुटतो आणि ती मारामारी करते. एकाच छताखाली राहून तिघं एकमेकांपासून लांब जातात. नवरा-बायकोतला हा दुरावा मोठ्या भांडणातून नव्हे, तर छोट्या छोट्या गोष्टींतून दिसतो.

व्यवसायाचा उलटा वापर: दुसऱ्यांची दुःखं शांतपणे ऐकणं हे जिओव्हानीचं काम. आता तेच त्याला जमत नाही. पेशंटसमोर त्याचे डोळे भरून येतात. ज्याच्या फोनमुळे तो त्या दिवशी घराबाहेर पडला, त्या ऑस्करला (सिल्व्हिओ ऑर्लांदो) मात्र आजारपणात जगण्याची उमेद सापडते. या विरोधाभासावर कोणीही भाषण देत नाही, म्हणून तो जास्त बोचतो.

संयम: शवपेटी बंद करण्याच्या प्रसंगात कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्यांवर खिळून न राहता पेटी सील करणाऱ्या हत्यारांकडे आणि स्क्रूंकडे पाहतो. ‘आता संपलं’ हे त्या आवाजांतून कळतं.

कुठे कमी पडतो?

आंद्रेया पुरता भेटत नाही: शाळेतून एक जीवाश्म चोरल्याचा आळ त्याच्यावर येतो आणि पुढे तो आईजवळ कबुली देतो. टेनिस खेळताना त्याला जिंकण्याची फारशी ईर्षा नसते, आणि बापाला ते खटकतं. असे एक-दोन चांगले धागे सोडले तर तो ‘गुणी मुलगा’ इतकाच उरतो. ज्याच्या खोलीवरून सिनेमाचं नाव आलं, त्याच्याबद्दल प्रेक्षकाला फार थोडं माहीत असतं. त्याच्या आयुष्यातला एक कोपरा आईवडिलांनाही ठाऊक नव्हता, हे आरियाना नावाच्या मुलीच्या पत्रातून कळतं. त्यामुळे ही उणीव काही अंशी कथेचाच भाग वाटते. तरी सुरुवातीला तो आणखी भेटायला हवा होता.

पारडं बापाकडे झुकतं: दिग्दर्शक आणि नायक एकच असल्याने सिनेमा बहुतेक वेळ जिओव्हानीच्या मागे राहतो. पाओला प्रकाशन क्षेत्रात काम करते, पण तिचं ते जग जवळपास दिसतच नाही. मोरांते यांना या भूमिकेसाठी इटलीचा ‘दाविद दी दोनातेल्लो’ पुरस्कार मिळाला. त्यांचं काम पाहून पाओलाला आणखी जागा द्यायला हवी होती, असं वाटत राहतं.

पेशंट ठोकळेबाज: ऑस्कर सोडला तर बरेचसे पेशंट एकेका विकारापुरते येतात. काही प्रसंग हसवण्यासाठीच घातल्यासारखे वाटतात.

सोयीचं वळण: शेवटी आरियाना एका मित्रासोबत घरी येते आणि हे कुटुंब त्या दोघांना गाडीने रात्रभर प्रवास करून थेट फ्रान्सच्या सीमेपर्यंत सोडतं. अडलेल्या कथेला पुढे नेण्यासाठी बाहेरचं पात्र आणलं, हा आक्षेप इथे घेता येतो. पण हा प्रवास कोणाचंही दुःख मिटवत नाही. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर तिघं थोड्या थोड्या अंतरावर चालत असतात. ती जवळीक नव्हे, पण घरातल्यासारखी पाठही फिरवलेली नाही.

कोणी पाहावा?

वेगवान घडामोडी हव्या असतील तर हा सिनेमा संथ वाटेल. एखाद्या मृत्यूनंतर घरातली माणसं एकमेकांशी का बोलेनाशी होतात, हे समजून घ्यायचं असेल तर मात्र तो जरूर पाहावा. लांबी जेमतेम दीड तासाच्या वर आहे. जवळचं माणूस नुकतंच गमावलं असेल, तर थोडा वेळ जाऊ देऊन पाहिलेला बरा.