नाद मावळतो कसा?

१७७२ सालची गोष्ट आहे. हंगेरींतील एस्तरहाझा येथील आपल्या उन्हाळी प्रासादांत प्रिन्स निकोलाउस एस्तरहाझी यांचा मुक्काम त्या वर्षीं फारच लांबला. वाद्यवृंदांतील बहुतेक वादकांचीं बायकामुलें दूर आयझेनश्टाट येथें होतीं. धन्यापुढें तक्रार करावयाची कोणी? वृंदाचे प्रमुख योसेफ हायडन यांनीं ती सुरांतून केली. त्यांच्या नव्या सिंफनीच्या अखेरच्या भागांत एकेक वादक आपलें वादन संपवून, पुढ्यांतील मेणबत्ती विझवून उठून जाऊं लागला. शेवटीं दोन व्हायोलिनें उरलीं, आणि तींही हळूच थांबलीं. प्रिन्सनें अर्थ ओळखला व लागलीच परतीची आज्ञा दिली, असें सांगतात.

ही कथा आज सांगण्याचें कारण असें कीं, नाद मावळविणें म्हणजे केवळ आवाज कमी करणें नव्हे, हें तीवरून उत्तम कळतें. गेल्या साठांहून अधिक वर्षांत व्हायोलिनवृंदाचे खरे स्वर यंत्रांत साठवून ते पट्टीवरून वाजविण्याची विद्या वाढली आहे. त्या विद्येचा इतिहास म्हणजे बव्हंशीं याच एका गोष्टीशीं केलेल्या झगड्याचा इतिहास होय.

आपल्या संगीतशास्त्रांत नादाचीं तीन लक्षणें सांगतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाति. शास्त्रांत तीं वेगवेगळीं मांडलीं असलीं, तरी व्हायोलिनच्या तारेवर दुसरें व तिसरें लक्षण एकमेकांपासून सुटत नाहीं. गजाचा दाब वाढला व तो घोडीजवळ सरकला, म्हणजे स्वर नुसता मोठा होत नाहीं. त्यांतील वरचे उपस्वर जागे होतात आणि त्याला धार चढते. गज हलका होऊन घोडीपासून दूर गेला कीं ती धार उतरते व स्वर मऊ होतो. म्हणूनच दुरून ऐकूं येणारें जोरकस वादन आणि जवळ बसून केलेलें हळुवार वादन यांतील भेद कान तत्काळ ओळखतो, मग दोहोंचा आवाज सारखाच कां असेना.

हें लहानमोठेपण अवघ्या वृंदानें एकदिलानें साधण्याची कला अठराव्या शतकांत कीर्तीस चढली. जर्मनींतील मानहाइमच्या दरबारीं योहान श्टामित्स यांनीं घडविलेला वाद्यवृंद हळूहळू चढत जाणाऱ्या आवाजाबद्दल युरोपभर नांवाजला. श्टामित्स १७५७ सालीं वारले. पण त्यांची परंपरा पुढें चालली. शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांनीं गजाला आजचें रूप दिलें. त्यामुळें मुठीपासून टोंकापर्यंत स्वर धरणें, फुलविणें व मिटविणें सुकर झालें. पुढें १९१८ सालीं लंडनमध्यें गुस्ताव होल्स्ट यांची 'द प्लॅनेट्स' ही कृति प्रथम वाजली. तिच्या अखेरीस शेजारच्या खोलींत स्त्रिया गात असतात आणि त्या खोलीचें दार अलगद मिटून त्यांचा आवाज नाहींसा करावयाचा असतो. म्हणजे मावळण्याच्या तीन तऱ्हा झाल्या: वादक कमी होणें, गज हलका होणें आणि नाद दूर जाणें.

आरंभींच्या यंत्रांना यांपैकीं एकही साधत नव्हती. १९६३ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें मेलोट्रॉन नांवाचें वाद्य निघालें. अमेरिकेंतील हॅरी चेंबरलिन यांची कल्पना त्याच्या मुळाशीं होती. प्रत्येक पट्टीसाठीं एक ध्वनिफीत. पट्टी दाबली कीं खऱ्या व्हायोलिनांचा मुद्रित स्वर उमटे. परंतु फीत सुमारें आठच सेकंदांची. ती संपली कीं स्वर तुटे. बोट उचललें तरीही तुटे. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें पीटर व्होगेल व किम रायरी यांनीं फेअरलाइट हें संगणकवाद्य सिद्ध केलें. फीत गेली, स्वराचे आंकडे झाले. पण यंत्राची स्मृति इतकी तोकडी कीं एकाददुसऱ्या सेकंदाचाच नमुना तींत मावे, आणि लांब स्वरासाठीं तोच तुकडा पुनःपुन्हा फिरवावा लागे.

१९८३ सालीं मिडी हा अशा यंत्रांचा सामाईक संकेत ठरला. त्यांत पट्टीवरील आघाताचा जोर १२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं मोजतात. पियानोला हें बरेंचसें पुरतें, कारण तेथें आघाताबरोबर स्वराचें भवितव्य ठरून जातें. व्हायोलिनचा स्वर मात्र सुरू झाल्यावरच घडत असतो. म्हणून पट्ट्यांशेजारीं एक चक्र किंवा सरकती कळ असते, आणि स्वर चालू असतां दुसऱ्या हातानें त्याचा उठाव व उतार करतात. आपला पेटीवादक एका हातानें भाता सांभाळतो, त्याच जातीचें हें काम आहे.

परंतु कळ फिरवून काय कमी करावयाचें, हा प्रश्न उरतोच. जोरानें वाजविलेल्या स्वराचा नुसता आवाज उतरविला, तर त्याची धार तशीच राहते. वृंद हळू वाजवीत नसून कोणीं त्याला पेटाऱ्यांत कोंडला आहे, असा भास होतो. तो दूर गेल्यासारखाही वाटत नाहीं. कारण अंतर वाढतें तेव्हां थेट नाद क्षीण होतो आणि सभागृहांतील प्रतिध्वनि मागें उरतो. कळ मात्र दोहोंना एकदमच उतरविते. यावर उपाय निघाला तो असा: एकच स्वर अतिमृदु, मध्यम, जोरकस अशा अनेक परींनीं वाजवून घ्यावा, आणि कळ फिरेल तसा एक थर दुसऱ्यांत विरघळवावा. मोठ्या वृंदांत हा सांधा लपतो. एकट्या व्हायोलिनांत मात्र क्षणभर दोघे वाजवीत आहेत असें वाटतें. २००० सालीं व्हिएन्ना येथें हर्ब टुक्मांडल या मूळच्या सेलोवादकानें वृंदांतील वाद्यांचा असा संग्रह करणारी संस्था उभी केली. तेथें केवळ स्थिर स्वर नव्हे, तर वादकानें स्वतः चढवीत नेलेले आणि मावळवीत नेलेले स्वरही जसेच्या तसे टिपले गेले.

कानाचा हिशेबही येथें ध्यानांत ठेवावा लागतो. दहा सेकंदांत ध्वनीची मात्रा समान पावलांनीं शून्यावर आणली, तर पांचव्या सेकंदास ती निम्मी होते. पण कानाला उतार थोडाच जाणवतो. नवव्या सेकंदास दशांश उरते, आणि राहिलेलें सर्व अखेरच्या सेकंदांत कड्यावरून पडल्यासारखें नाहींसें होतें. कान बेरजेनें नव्हे, गुणाकारानें मोजतो. म्हणून जाणता संयोजक उतार आधीं भरभर व मग संथ ठेवतो, आणि शेवटचा प्रतिध्वनि सभागृहालाच संपवूं देतो.

या सर्वांशीं आपल्या मुंबईचाही संबंध आहे. येथील चित्रपटसंगीतांतील व्हायोलिनवृंदांत गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक नामांकित वादक व संयोजक. प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. पुढें यंत्रें स्वस्त झालीं तसतशा त्या वृंदांतील खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. ज्यांच्या गजाची नक्कल यंत्र करूं लागलें, त्यांनाच काम उरेना. हायडनच्या वादकांनीं मेणबत्त्या विझविल्या तेव्हां समोर त्या उमजून घेणारा धनी होता आणि वादक घरीं जावयास उत्सुक होते. येथें तसें कांहीं नव्हतें.

यंत्राला दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. यंत्रावर उत्तम काम करणारे लोक शेवटीं वादकाकडेच वळतात: त्याचा गज कोठें हलका होतो, श्वास कोठें थांबतो, तें पाहतात आणि मग कळेला हात लावतात. एखादें गीत संपत असेल तेव्हां श्रोत्यांनीं अखेरचे दहा सेकंद लक्षपूर्वक ऐकावे. नाद विसांवा घेत आहे कीं कोणी त्याला बाहेर घालवीत आहे, हें कान आपणच सांगेल.