सूर: विहिरीच्या काठापासून ऑलिंपिकपर्यंत

पांढरकवड्याच्या परिसरात, काळ्या कापूसपट्ट्यातल्या इतर गावांप्रमाणेच, पोहणे शिकण्याची जुनी जागा म्हणजे शेतातली विहीर. पाठीला सुका भोपळा बांधून पोराला पाण्यात सोडत. हातपाय मारता आले की भोपळा सुटे आणि काठावरून उड्या सुरू होत. गुडघे पोटाशी घेऊन मारायचा तो मुटका आणि हात पुढे करून डोक्याकडून पाण्यात शिरायचे तो सूर. मुटक्यात पाणी जितके उंच उडेल तितकी वाहवा. सुरात ते जितके कमी उडेल तितकी. डायव्हिंगच्या स्पर्धेत सुराचीच कसोटी लागते.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ 1904 साली सेंट लुइसला आला. स्त्रियांना 1912 साली स्टॉकहोममध्ये प्रवेश मिळाला. उडी तीन मीटरवरच्या लवचिक फळीवरून किंवा दहा मीटरच्या पक्क्या मंचावरून मारतात. मंचावरून निघालेले शरीर दीड सेकंदाच्या आसपास ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने पाण्यात शिरते. तेवढ्यात कोलांट्या आणि गिरक्या पुऱ्या करून सरळ व्हायचे असते. वैयक्तिक स्पर्धेत सात पंच गुण देतात. त्यांतले वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळतात व उरलेल्या तिनांच्या बेरजेला उडीच्या काठिण्यांकाने गुणतात.

या खेळात आशियातला पहिला मान भारताचा होता. 1951 साली नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत के. पी. ठक्कर यांनी फळी आणि मंच, दोन्हींवर सुवर्णपदक जिंकले. चीन त्या स्पर्धेत नव्हता. तो 1974 साली तेहरानला उतरला आणि 1984 साली लॉस एंजेलिसमध्ये झोऊ जिहोंग हिने डायव्हिंगमधले चीनचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवले.

चीनचे सामर्थ्य कशात आहे, हे फू मिंगशियाच्या कारकिर्दीतून कळते. 1978 साली वुहानमध्ये जन्मलेली ही मुलगी आधी जिम्नॅस्टिक्स करत होती. तिथून ती डायव्हिंगकडे आली आणि लहानपणीच घर सोडून बीजिंगच्या प्रशिक्षणकेंद्रात दाखल झाली. 1991 साली पर्थला ती बाराव्या वर्षी जगज्जेती झाली. 1992 साली बार्सिलोनात मंचावर, 1996 साली अटलांटात मंच आणि फळी दोन्हींवर तिने सुवर्ण जिंकले. काही काळ खेळ सोडून परतल्यावर 2000 साली सिडनीत तिने फळीवर चौथे सुवर्ण मिळवले. शिवाय क्वो जिंगजिंगसह जोडीच्या स्पर्धेत रौप्यही.

या यशाचा पाया पाण्याबाहेर घातला जातो. ट्रॅम्पोलीन, कमरेला बांधलेला दोर आणि फोमने भरलेला खड्डा यांच्या साहाय्याने प्रत्येक कोलांटी आधी जमिनीवर घटवतात, मग पाण्यावर नेतात. ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली, म्हणून 2024 साली पॅरिसमध्ये डायव्हिंगची आठही सुवर्णपदके चीनने नेली.

अंग दुमडण्याची आणि तोल सावरण्याची विद्या महाराष्ट्राला मल्लखांबामुळे परकी नाही. विहिरीत उडी टाकणाऱ्या धीट पोरांचीही वाण नाही. पण विहिरीच्या पाण्याचा अंदाज चुकला तर मानेला जन्माची दुखापत होते आणि दहा मीटरच्या मंचाखाली किमान साडेचार मीटर खोल पाणी लागते. जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात पोहण्याच्या तलावाशेजारी असा खोल तलाव, फळी आणि जाणता प्रशिक्षक यांची सोय व्हायला हवी. त्याशिवाय ठक्करांचा वारसा पुढे चालणार नाही.