बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आणि आपला दाखला

आज आपल्यातला कुणाचा मुलगा रेल्वेत आहे, तर कुणाची मुलगी पोस्टात. केंद्राच्या नोकरीसाठी आपण बौद्ध म्हणून जातीचा दाखला जोडतो. हा हक्क कुणी ताटात वाढून दिलेला नाही. त्यासाठी झगडणाऱ्यांत बॅ. राजाभाऊ खोब्रागडे होते.

भाऊराव देवाजी खोब्रागडे यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२५ रोजी चंद्रपूरला झाला. विलायतेत जाऊन ते बॅरिस्टर झाले. वकिली करून बंगला बांधता आला असता, पण ते बाबासाहेबांच्या कार्यात उतरले. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. त्या सोहळ्याची जबाबदारी राजाभाऊंनी पेलली. पुढे १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा ते सरचिटणीस झाले आणि १९५८ साली राज्यसभेत गेले.

पण दीक्षा घेतली आणि एक अडचण उभी राहिली. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे, अशी अट होती. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध नाही. आपण धर्म बदलला म्हणून गावाची वागणूक काही बदलली नव्हती, केंद्राची सवलत मात्र गेली! महाराष्ट्रात राज्यापुरत्या सवलती मिळाल्या, पण दिल्लीचं दार बंदच राहिलं.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली. कसणाऱ्याला जमीन, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र, अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबरपासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. बायाबापड्या लेकरं घेऊन तुरुंगात गेल्या.

राजाभाऊ तीनदा राज्यसभेवर होते. १९६९ ते १९७२ ते सभागृहाचे उपसभापती होते. ज्यांच्या बापजाद्यांना चावडीबाहेर उभं केलं, त्यांच्यातला माणूस देशाच्या सभागृहात त्या आसनावर बसला! पक्षात फाटाफूट झाली, त्यांच्याही नावाचा गट झाला, हे आपण लपवू नये. त्या फुटीने समाजाची ताकद घटली.

९ एप्रिल १९८४ रोजी राजाभाऊ गेले. पुढे १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून बौद्धांना सवलती दिल्या. त्याच वर्षी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लागलं. मागणी करणाऱ्याला फळ पाहायला मिळालं नाही.

म्हणून सांगतो, मुलांच्या हाती दाखला द्याल, तेव्हा ही हकिगतही सांगा. जय भीम!